न घेतलेली पोच

माय, आज तुझ्याशी भांडायलाच बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बोल ना व, कोनं अडवलं तुले?" तूच अडवलंस. मरेपर्यंत एका शब्दानं विचारलं नाहीस. विचारलंच नाही, तर मी सांगणार तरी कुठून सुरुवात करून?

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनात तू रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कापूस टाकायचीस, आणि मी मॅट्रिक झालेली म्हणून त्याच जिनाच्या ऑफिसात आवक-जावक पाहायची. बाहेरून आलेला कागद रजिस्टरात चढवायचा, शिक्का मारायचा, आणणाऱ्याला दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायची, एवढंच काम. मी नोकरीत अजून कच्ची होते, त्या महिन्यात पक्की होण्याची ऑर्डर निघायची होती. तू जिनातल्या बायांच्या युनियनची अध्यक्ष. घरी आपण एका चुलीवर जेवायचो, पण फाटकाच्या आत ओळख दाखवायची नाही, हा तुझाच कायदा. तुझ्यापायी मला त्रास होऊ नये म्हणून केलेला, कळत होतं मला तेव्हाही.

तुमचं मागणं काय मोठं होतं? दर हंगामाला जुन्याच बायांना आधी बोलवा, आणि उन्हात बसवता तिथं सावली करा. त्यावर लेबर ऑफिसात प्रकरण सुरू झालं आणि मग जिनातली हवाच बदलली. तुला रेच्यावरून काढून सरकीच्या ढिगाकडे पाठवलं. तुझ्याशी बोलणाऱ्या बाईचं नाव चौकीदार वहीत लिहायला लागला. आपल्या दारासमोर एक माणूस सायकल टेकवून उभा राहायचा, नुसता बिडी ओढत घराकडे पाहायचा. तू त्याला एकदा पाणी नेऊन दिलंस. तो प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

युनियनच्या वर्ध्याच्या वकीलसाहेबांनी तुला समजावलं होतं, आणि तू भाकरी थापता थापता मला समजावलंस. युनियननं आपल्या पुढारी बायांची यादी मालकाला लेखी द्यायची. मग त्या 'संरक्षित कामगार'. प्रकरण चालू असेपर्यंत लेबर ऑफिसाची परवानगी घेतल्याशिवाय त्यांना कामावरून काढता येत नाही. "म्हंजे नाव देल्याशिवाय वाचत नाई, आन नाव देल्लं का मालकाले आयतं कळते कोन कोन हाय ते," तू म्हणालीस आणि हसलीस. मला हसू आलं नाही. यादीत पाच नावं होती, पहिलं तुझं.

ती यादी घेऊन तू माझ्या टेबलासमोर आलीस. परक्या बाईसारखी. बरोबरची म्हणाली, "पोच घ्या ना बाई." तू तिला कोपरानं ढोसलंस. "आपली पोरगी बसली हाय टेबलावर. पोच कायले मांगतं? लाज नाई वाटत काय?" दोन्ही प्रती माझ्यापुढं ठेवून तुम्ही गेलात. अगं, सगळ्या जगाकडून पोच घेणारी तू! रेशनवाल्याकडून घ्यायचीस, मास्तरांकडून घ्यायचीस. पोटच्या पोरीकडे मागायला तुला कमीपणा वाटला.

मी शिक्का उचलला होता, माय, खरंच उचलला होता. तेवढ्यात मॅनेजरसाहेब मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. दोन्ही कागद उचलून घडी घालून खिशात टाकले आणि म्हणाले, "बेटी, आज काही आलं नाही. तुझी ऑर्डर टाइपाला गेली आहे ना?" मी मान हलवली. दोन्हींतल्या कशाला हलवली, तेही त्यांनी विचारलं नाही. घरी आल्यावर तू म्हणालीस, "चढवली ना?" मी म्हटलं, हो.

पंधरा दिवसांनी सुटीच्या वेळी तुम्ही बाया फाटकाच्या आत रांगेनं उभ्या होतात, पदर झटकत, एकमेकींच्या केसांतली रुई वेचत, रोजच्यासारख्या. झटकल्यावरच झडती, अशी रीत होती. त्या दिवशी चौकीदारानं तुला झटकायच्या आधीच बाहेर ओढलं. निऱ्यांत, ओटीत अडकलेली मूठभर रुई कागदावर काढली आणि चोरी लिहिली. जिनातून निघणाऱ्या बाईच्या अंगावर रुई नसेल तर काय असेल? चौकशी त्यांचीच, साक्षीदार त्यांचेच. तुला काढलं. उरलेल्या चौघींना काढायची गरजच पडली नाही, त्या आपोआप गप्प झाल्या.

तरी तू निवांत होतीस. "यादी देल्ली हाय. कायदा हाय," म्हणायचीस. नागपूरच्या कोर्टात आपण एकाच एस्टीनं गेलो. तू तुझ्या बाजूनं, मी जिनाच्या बाजूनं साक्षीला. कोर्टानं आधी तुलाच उभं केलं. मालकाचा वकील म्हणाला, यादी मिळालीच नाही, पोच दाखवा. तू म्हणालीस, "पोच नाई घेतली." मग तुझ्याच वकिलांनी विचारलं, "कोणाच्या हाती दिली ते सांगा. ती इथं बसली आहे का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी रजिस्टर छातीशी धरून बसले होते. तेव्हाच तुला सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. कोर्टात घेतली त्याहून खऱ्या शपथेवर.

"टेबलावर ठेवली होती," तू म्हणालीस. "कोन होतं, ध्यानात नाई."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग मी उभी राहिले आणि नोंद नाही म्हणून सांगितलं. केस गेली. परतीच्या एस्टीत तू मला खिडकीकडे बसवलंस आणि विचारलंस, "भूक लागली काय?" नंतर तू सहा वर्षं लोकांच्या वावरात तण निंदायला जात राहिलीस आणि मी त्याच टेबलावर पक्की होते.

हे लिहिलेला कागद कोणाला द्यायचा नाही, माझ्या लेकीलाही नाही. तिला वाटतं, आजीला मालकानं काढलं. लोक म्हणतात, तुझी साक्ष ऐकून पोरगी कोर्टात ढसाढसा रडली. रडले, पण ते नंतर. तू "ध्यानात नाई" म्हणालीस ना, तेव्हा आधी मला हायसं वाटलं होतं.