झाड रेवजीचं, शेत सायकीबाईचं

९ मार्च
दिवसभर नंदुरबारला प्रशिक्षण. प्रशासनातील नीतिमूल्ये. सचोटी आणि निःपक्षपातीपणा जेवणाआधी, संवेदनशीलता जेवणानंतर. त्यामुळे संवेदनशीलतेला निम्मा हॉल पेंगत होता. व्याख्याते बाकी तयारीचे. शेवटी एक कागद वाटला : नियम एक सांगतो, मन दुसरं सांगतं, तुम्ही काय कराल? सगळ्यांनी भराभरा पान भरलं. मी लिहिलं, ‘आधी जागेवर जाऊन बघेन.’ शेरा मिळाला, ‘उत्तर मुद्द्याला धरून नाही.’ शेजारचे तलाठी भाऊसाहेब हसले. म्हणाले, मॅडम, तुम्ही मंडळ अधिकारी झालात तरी चौकशा काही सुटत नाहीत.
चूक झाल्यावर काय करायचं, यावर मात्र एकही तास नव्हता. का नसेल?

१८ मार्च
टंचाई पाहणीसाठी वरच्या पाड्यावर. जीप खालीच राहिली, पुढे तासभर चढण. गुडघे बोलायला लागलेत.
वाटेत सायकीबाईचा उतार लागला. डिसेंबरात मीच तिच्या वनहक्क दाव्याची स्थळपाहणी केली होती. दावा नामंजूर झाला. आज तिथल्या चारही मोहांखाली पालापाचोळा जाळून जागा लख्ख केलेली, आणि त्याच पाड्यावरच्या रेवजीच्या सुना टोपल्या घेऊन फुलं वेचतायत. सायकीबाई तिथेच बांधाच्या दगडावर बसून त्यांच्याशी गप्पा मारत होती. एक सून तिला तंबाखू देत होती.
रेवजीच्या झाडांवरून जिचा दावा गेला, ती बाई त्याच्याच सुनांशी अशी बसते? अंगणवाडीच्या ललिताताईंना विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, मोह रेवजीच्या घरचेच आहेत, आजोबापासून. शेत सायकीबाईचं आहे, तेही आजोबापासून. त्यात काय?
उतरताना ठरवलं, उद्या ती फाइल काढायची.

१९ मार्च
फाइल काढली. माझंच अक्षर. ‘जागेवरील मोहाची चारही झाडे रेवजी यांची असल्याचे उपस्थितांनी सांगितले. सबब सदर जागेवर दावेदाराचा कब्जा दिसून येत नाही.’ खाली माझी सही. तिच्या शेजारी सायकीबाईचा निळा अंगठा.
म्हणजे तिच्याच अंगठ्याने तिचं शेत गेलं. पंचनामा मी मराठीत वाचून दाखवला होता. तिला मराठी येत नाही, फक्त पावरी बोलते. ती मान हलवत होती. मी त्याला संमती समजले.
माझं माहेर खाली सपाटीवरच्या कोरीटचं. तिकडे बांधावरच्या लिंबाच्या फांदीवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात. ज्याची जमीन त्याचं झाड, याचं बाळकडूच मला मिळालेलं. दुसरी रीत असू शकते, ही शंकासुद्धा मनात आली नाही. आणि लोक मला चौकस म्हणतात.

२३ मार्च
चार दिवस ज्याला त्याला हेच विचारतेय. वनरक्षक वरच्याच भागातला. तो म्हणाला, आमच्याकडे असंच. मोह वाटणीत मिळतात, जमीन वेगळी. मुलगा वेगळा राहायला गेला की त्याला एखादा मोह देतात, मग तो कुणाच्या का शेतात असेना. पाहणीच्या वेळी तो हजर होता. मग त्या दिवशी का बोलला नाहीस? तर म्हणे, मॅडम, तुम्ही लिहीत होता.
मला वाईट वाटलं. मी लिहायला लागले की माणसं गप्प होतात, हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

२८ मार्च
तहसीलदार साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं : निर्णय उपविभागीय समितीचा आहे, बाईला अपील करू दे. मी म्हटलं, अपिलाची मुदत गेली. निकालाचं पत्र तिच्या झोपडीत खोचून ठेवलंय, आजवर कुणी वाचलेलं नाही. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “आपल्याच सहीविरुद्ध लिहायचं नसतं. तुमच्या बाकीच्या चाळीस पंचनाम्यांवरही उद्या बोट उठेल.”
ते खरं आहे. त्या चाळिसांतही मी झाडंच विचारली असतील का? हे त्यांनी भीती घालायला सांगितलं, पण मला आता तेच बघावंसं वाटतंय.
पदोन्नतीच्या यादीत नाव आहे. तेही मनात आलं. नाही आलं असं लिहिलं तर इथेसुद्धा खोटं.

२ एप्रिल
घरी बोलले. हे जेवताना ऐकत होते. पाणी पिऊन म्हणाले, “तुन्ही चूक तूच लिखी दे. दुसरा कोनी लिखी ते वाढाई लिखी.” दुसरा वाढवून लिहील म्हणे. आणि भाकरी मागितली. मला कधी कधी यांचा राग येतो, इतकं यांना सगळं सोपं वाटतं.

६ एप्रिल
पुन्हा वर. सायकीबाईच्या उतारावर चुन्याच्या खुणा पडल्यात. दावा गेला, म्हणून तिथे वनखात्याच्या रोपवनाचे खड्डे होणार, पावसाआधी.
रेवजीला गाठलं. धाकधूक होती. माझ्या पंचनाम्याच्या जोरावर तो उद्या जमीनही मागू शकतो. तो दरवर्षी उसतोडीला तापीकाठी जातो, त्यामुळे अहिराणी चांगली बोलतो. जबाब देशील का विचारलं, तर लगेच हो. मग माझ्याकडे जरा नवलाने बघून म्हणाला, “झाड कोनं शे इचारं, मी झाड सांगं. जमीन कोनी शे हाई तुम्ही इचारंच नही.”
खरंच, जमीन कुणाची हे मी विचारलंच नव्हतं. त्याचा जबाब ललिताताईंनी पावरीत परत वाचला, दोनदा. मग त्याचा अंगठा.

९ एप्रिल
लिहिलं. पहिला मसुदा : ‘स्थानिक रीतीबाबत संदिग्धता असल्याने…’ फाडला. दुसरा : ‘उपस्थितांच्या कथनातील विसंगतीमुळे…’ तोही फाडला. विसंगती त्यांच्या कथनात नव्हती. तिसरा : ‘मी चुकीचा प्रश्न विचारला व त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढला. दावेदाराला तिच्या भाषेत पंचनामा समजावला नाही. फेरपाहणी व्हावी.’ लिहून झालं आणि, गंमत म्हणजे, भूक लागली.
साहेबांनी वाचून टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं. म्हणाले, सोमवारपर्यंत मागे घेता येईल. मी म्हटलं, आवक नोंदवहीत क्रमांक घेतलाय. ते हसले की चिडले, कळलं नाही.

१७ एप्रिल
पत्र समितीकडे गेलं. साहेबांनी वर शेरा मारलाय, ‘उचित निर्णयार्थ.’ बाजूने की विरुद्ध, हे त्यातून कुणालाच कळणार नाही. समितीची बैठक कधी, कुणी सांगत नाही. माझ्याकडून खुलासा मागवलाय, सात दिवसांत.
सायकीबाईला सांगायला वर गेले. माझी चूक झाली, असं सरळ म्हटलं, ललिताताईंनी पावरीत सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं की त्या दिवशी मी सगळ्या बाप्यांना विचारत फिरले, ती तर माझ्या शेजारीच उभी होती, तिला का नाही विचारलं? पंचनाम्यातल्या ‘उपस्थितां’त मी तिला धरलंच नव्हतं.
मग तिने चुन्याच्या खुणांकडे हात केला. पाऊस पडल्यावर पेरू की नको?
पेर म्हणायचा मला अधिकार नाही. नको म्हणायला जीभ वळेना. माहीत नाही, म्हटलं.
ती ललिताताईंकडे न बघता, माझ्याकडे बघत बोलली. ललिताताईंनी नंतर सांगितलं : “ती म्हणतेय, कागद पाठवू नको. काय होईल ते सांगायला तूच ये.”
येईन, म्हटलं. बदल्यांची यादी मेअखेर लागते, तीत कदाचित मीही असेन, हे मात्र तिला सांगितलं नाही.