गळ्यातली माळ, घशातली आग

५ जानेवारी २०२५, रविवार

वरचा सा लागतच नाही! आज तालमीत पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, दर वेळी घशातून कावळा निघाला. कोरसमधल्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पखवाजावरचा खंडू म्हणतो, "बुवा, गरम पाणी घ्या." घेते की! पिंपभर पिऊन झालंय.

१ फेब्रुवारीला गोरेगावला माघी गणपतीत भजनाची डबलबारी. समोर घाटकोपरचे विद्याधरबुवा. एक गजर त्यांचा, एक माझा, आणि मध्ये एकमेकांना चिमटे. बाई बुवा म्हटल्यावर अर्धे लोक ऐकायला नाही, बघायला येतात. त्यात माझा आवाज बसला तर विद्याधरबुवा सोडतात होय!

७ जानेवारी

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "स्वरयंत्राला सूज आहे. पोटातलं ॲसिड वर येतंय." छातीत जळजळ होते, तोंडात आंबट पाणी येतं, हे मान्य — पण गाण्याचा आणि पोटाचा काय संबंध? म्हणे, तोच संबंध. गोळ्या लिहून दिल्या. "धीर धरा, दोन-तीन महिने लागतील."

मला बारी आहे! दोन-तीन महिने कुठून आणू?

८ जानेवारी

मुलुंडला जाऊन अण्णांना सांगितलं. माझे गुरू. एके काळी त्यांचा गजर रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. मग आवाज बसत बसत गेलाच. आता कुजबुजल्यासारखं बोलतात, सारखे खाकरतात, पाठीला उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. डॉक्टरकडे कधी गेले नाहीत. "देवान दिल्यान, देवान न्हेल्यान," एवढंच.

माझं सगळं ऐकून म्हणाले, "माळ सांभाळ. आवाज त्याचो, तो बघीत." गळ्यात तुळशीची माळ त्यांनीच घातली. त्या दिवशी बजावलं होतं, "गळ्यात तुळस आणि पोटात मासो, असा चलाचा नाय." देवगडच्या मुलीला मासे सोडायला सांगणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. पण सोडले. कायमचे. दशरथ रविवारी स्वतःचे मासे स्वतः तळतो, वेगळ्या तव्यात, खिडकीत उभा राहून. बिचारा नवरा!

१० जानेवारी

भाचा सिद्धेश सिंगापूरला हॉटेलात कुक आहे. आज त्यानं तिथल्या एका चिनी वैद्याच्या दुकानातून व्हिडिओ कॉल केला. "आत्या, जीभ काढ ना! अजून बाहेर!" मी कामावर, रक्ततपासणीच्या लॅबच्या रिसेप्शनवर बसून फोनला जीभ दाखवतेय, समोर रक्त द्यायला आलेले लोक बघतायत. यार, काय ते ध्यान!

वैद्यांनी जीभ बघून मान हलवली. सिद्धेशनं मराठीत सांगितलं — यकृताची आग पोटावर चढलीये, जे खाली जायला हवं ते वर येतंय, त्याला खाली वळवायचं. म्हणजे माझं यकृत आणि पोट भांडतायत. घरात भांडणं कमी पडली होती का!

१३ जानेवारी

सिद्धेश सुट्टीवर आला, औषध घेऊन. एक पांढरी पावडर, तोंडात खडूसारखी, जरा खारट. आणि एका चिनी मुळीच्या बारीक काळपट गोळ्या — कारल्याची आजी! पावडर कसली विचारलं तर म्हणाला, "समुद्रातलं काहीतरी, खनिज असेल." शिवाय चहा बंद, तिखट बंद, दिवेलागणीला जेवण, जेवून आडवं व्हायचं नाही. डॉक्टरांना फोन केला. ते वैतागले. "त्यात काय आहे ते आधी मला दाखवा. आणि माझ्या गोळ्या बंद करू नका."

त्यांच्या गोळ्याही चालू, याही चालू. दाखवायचं मात्र राहिलं.

२० जानेवारी

लागला! वरचा सा लागला!! खंडूनं पखवाज थांबवून टाळ्या वाजवल्या. सकाळचं आंबट पाणी नाही, छातीत आग नाही.

पण कशानं? लॅबमधल्या देवेशनं थोडी पावडर वाटीत घेऊन वर लिंबू पिळलं. फस्स! फेस आला. "मॅडम, हा खडूचाच प्रकार. ॲसिडला मारतो." मग मी जळजळीवर वर्षभर ती दुकानातली गुलाबी बाटली प्यायले, तीही तेच करते ना? ती घटकाभरच का पुरायची? देवेशनं फोनवर काहीबाही वाचलं — गोळ्यांतल्या त्या कडू मुळीनं उंदरांमध्ये ॲसिड कमी होतं म्हणे, माणसांचं अजून नीट सिद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, "अहो, चहा सोडलात, लवकर जेवता, माझ्या गोळ्याही आहेत!"

कोण कुणाला मारतंय, काही कळत नाही. आवाज आला हे खरं.

२४ जानेवारी

घात झाला.

डॉक्टरांना दाखवायचं म्हणून सिद्धेशला पावडरच्या बरणीवरचं चिनी लेबल फोनवर भाषांतर करून वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. "आत्या... कटलफिशचं हाड लिहिलंय. म्हणजे माकूल."

माकूल! म्हणजे मासळीच! देवगडला किनाऱ्यावर ती पांढरी हाडं पडलेली असायची. आम्ही मुली त्यांनी अंगणात रेघा मारायचो. ते मी दिवसातून तीन वेळा चमच्यानं खातेय. गळ्यात तुळस घालून!

दशरथ आधी खो खो हसला. मग म्हणाला, "एवढी वर्षं मी खिडकीत उभा राहून मासे तळतोय, आणि तू गुपचूप माकूल खातेस?" मी म्हटलं, हाड म्हणजे मासा नव्हे. "मग काय शेवग्याची शेंग?" मला हसूही आलं आणि रडूही. शेवटी रडलेच.

२५ जानेवारी

पावडर बंद. चूक नकळत झाली, देव बघून घेईल. पण आता कळलं ना!

हाड म्हणजे मासा का? शिंपल्याचा चुना पानाला लावतात, तो चालतो. अण्णा स्वतः पान खायचे! मग हे का नाही? पण मी हे देवाला विचारतेय की स्वतःला फसवतेय?

२८ जानेवारी

जळजळ परत. सा डळमळतोय. पावडर सोडल्यामुळे, की काळजीनं? की काल दशरथच्या कपातला घोटभर चहा घेतला त्यानं? वेड लागायची पाळी आलीये.

बरणी फडताळात आहे. दहा वेळा उघडली, दहा वेळा बंद केली. घेतली तर माळेशी बेइमानी, नाही घेतली तर बारीत फजिती. आणि कोरसमधल्या पोरी वर्षभर राबल्यात, त्यांचं काय?

३० जानेवारी

अण्णांकडे गेले. सगळं सांगितलं, लपवाछपवी नाही. वाटलं, हाकलून देतील.

तर अण्णा विचारतात काय? "सकाळचा आंबट पाणी बंद झाला?" म्हटलं, हो. "घशात गोळो अडाकल्यासारखो वाटता, तो?" तोही गेला होता. "आणि सूर? सूर खयपर्यंत गेलो?" मी धर्म विचारायला आलेय आणि हे पोट विचारत बसलेत! मी चिडून म्हटलं, "अण्णा, मी मासा खाल्ला की नाही, ते सांगा."

अण्णा खिडकीकडे बघत खाकरत राहिले. मग म्हणाले, "खाल्लंस. माळ काढ आणि देवापुढे ठेव. औषध सोडू नको."

उठून अण्णांच्याच देव्हाऱ्यापुढे गेले. माळ काढली, तिथे ठेवली. गळा उघडा उघडा, नागवा वाटला. ही शिक्षा की सुटका? विचारलं. "बारी करून ये," एवढंच म्हणाले. त्यांची सून दीप्ती मला खालपर्यंत सोडायला आली. तिलाही काही कळलं नव्हतं. घरी येऊन पावडर पुन्हा सुरू केली.

२ फेब्रुवारी, रविवार

बारी झाली.

सुरुवातीलाच विद्याधरबुवांनी माझ्या उघड्या गळ्याकडे बघितलं आणि गजरात चिमटा काढला — बुवांच्या घशात म्हणे महिनाभर काय अडकलं होतं, माशाचा काटा तर नव्हे? लोक हसले. याला कुणी सांगितलं? मग लक्षात आलं, त्याला काहीच ठाऊक नाही, हवेत बाण मारलाय. मी उलट गायले — काटा असो की खडा असो, सूर तर लागला ना, आता तुमचा दाखवा! टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. शेवटच्या गजरापर्यंत सा जागचा हलला नाही. खंडू रडत होता, येडा.

लोकांनी हार घातले. घरी आल्यावर हार काढला आणि हात आपोआप माळ चाचपायला गेला. गळ्यात काही नाही. इतकं छान गाऊन इतकं रितं कधी वाटलं नव्हतं. अण्णांचा फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडानं करू?

५ फेब्रुवारी

सकाळी दीप्तीचा फोन. "ताई, अण्णांनी आज आंघोळ झाल्यावर स्वतःची माळ काढली आणि देवापुढे तुमच्या माळेशेजारी ठेवली. विचारतायत, त्या बरणीत पावडर उरलीये का."

अर्धी बरणी आहे. डॉक्टरांची वेळ घेतली, अण्णांच्या नावानं. मुलुंडला निघाले.