अडखळलेली रेघ

सोमवार, ता. ३
आज परत नऊ! चाळीस टाक्यांतल्या नऊ मी परत पाठवल्या. मोटरसायकलच्या टाक्या, पॉलिश आमच्या जावईबापूंचं. माझ्या टेबलावर त्यांच्याच टाक्या येतात. पट्ट्यांच्या दिव्याखाली टाकी धरली की काळ्या-पांढऱ्या रेघा तिच्या अंगावरून सलग वळत गेल्या पाहिजेत. रेघ अडखळली की तिथे पोचा. तिथे खडूची फुली. एकवीस वर्षं माझं काम एवढंच.

जावईबापूंनी सुती हातमोजा घालून फुलीवर बोटं फिरवली. "मामा, हाताला काही लागत नाही." मी म्हणालो, हाताला लागत नाही म्हणून तर दिवा आहे. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "घारीच्या घरचा जावई होणं सोपं नाही बाबा." कारखान्यात मला घार म्हणतात.

बुधवार, ता. ५
बारा.

शुक्रवार, ता. ७
साहेबांनी जावईबापूंना माझ्यासमोरच सांगितलं. "या महिन्यात आता आणखी एक जरी परत आली, तर मी दुसरा माणूस बघतो." आणि संध्याकाळी दोघांना एकाच बसने एकाच घरी जायचं! मुलगी जेवण वाढता वाढता म्हणाली, "बाबा, एखादी सोडत जा की." डोळ्यांना दिसतं ते कसं सोडू?

रविवार, ता. ९
खिडकीशी बसलो होतो. ऊन लागलं म्हणून उजव्या डोळ्यावर हात धरला. खिडकीचे गज कमरेत वाकले! हात काढला, जवळजवळ सरळ. पुन्हा धरला, पुन्हा वाकले. न्हाणीघरातल्या फरशीच्या रेघाही तशाच. दहा वेळा तरी करून पाहिलं.

पोचा माझ्या डाव्या डोळ्यात आहे. मग त्या सगळ्या टाक्या?

सोमवार, ता. १०
चष्म्याच्या दुकानात विचारलं, माझ्या भावाला असं होतं म्हणून. दुकानदार म्हणाला, "काच बदलून हे जायचं नाही. त्यांना डॉक्टरकडे न्या, लवकर." डॉक्टरकडे गेलो की कारखान्यात कळणार. मग मी दिवसभर मुलीच्या मधल्या खोलीत, कपड्यांच्या दोरीखाली खुर्ची टाकून. नाही सांगितलं तर जावई घरी. कुठूनच वाट नाही.

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय हो, काही हवंय?" खडू मागितला.

मंगळवार, ता. ११
डावा डोळा मिटून काम केलं. एकही परत नाही. गाल दुखतोय.

शुक्रवार, ता. १४
आजही एकही नाही. साहेब जावईबापूंना म्हणाले, "आता बसला तुमचा हात." ते माझ्याकडे बघून नुसतं "हो" म्हणाले. माझी मान वर होईना. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

मंगळवार, ता. १८
आज उजव्या डोळ्यालाही रेघ अडखळलेली दिसली. हाही गेला? की खरंच पोचा? टाकी फिरवून फिरवून पाहिली. खडू उचलला, ठेवला. जावईबापू कधी जवळ आले कळलं नाही. हातमोजा चढवून त्यांनी नेमकी तिथेच बोटं फिरवली. हळूच म्हणाले, "मामा, उघडा तो डोळा आता. हा पोचा खरा आहे. लावा फुली."