दुसऱ्या मजल्याची फाईल

११ जाने., रवि.
ह्यांच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क मंगळवारी गेली ती गेलीच. दुकानवाल्यानं दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवत परत दिली. आमच्या श्रेयाचे शाळेतले सगळे फोटो, सासरे होते तेव्हाचा त्यांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ, जमिनीचे स्कॅन केलेले कागद, सगळं साफ. हे म्हणतात, "जाऊ दे, मूळ कागद आहेत ना कपाटात." आणि फोटो? तेही आहेत का कपाटात? पण बोलले नाही. रविवार वाया गेला असता.

ठरवलं. घरात चार मशीन. ह्यांचं, माझं, श्रेयाचं आणि वर मानसीचा, माझ्या धाकट्या जावेचा, लॅपटॉप. चारींची नक्कल रोज आपोआप एका जागी जमा झाली पाहिजे. पूर्ण्याला आमच्या गोदामाच्या ऑफिसात असंच आहे. सिस्टीमवाल्याच्या मागे उभी राहून दोन वर्षं बघतेय, जमेल मला. या घरात मी हलल्याशिवाय काही हलत नाहीच म्हणा.

१६ जाने., शुक्र.
डबा आला. नाव मोठं इंग्रजी आहे, आई (सासूबाई) डबा म्हणतात, मीही डबाच म्हणणार. आत दोन डिस्क. एकीत जाईल ते दुसरीतही जातं, एक मेली तरी दुसरी आहे. जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी जागा केली. हे म्हणाले, तिथं चपला असतात. चपला हलवल्या.

१८ जाने., रवि.
दिवसभर वायरी. दुसऱ्या मजल्यावर वायफाय धड पोचत नाही, म्हणून जिन्याच्या कठड्यावरून वायर नेली. नितीन भावजी शिडीवर, मी खालून सूचना. "वहिनी, गोदामात पण अशाच ओरडता काय?" त्याहून जास्त, म्हटलं, तिथं पगार मिळतो.

चालू करायच्या आधी आईंनी डब्याला हळदकुंकू लावलं. जाळीतून आत जाऊ नये म्हणून मी फडकं धरून उभी. "ह्यात आपला समदा ऱ्हाईल?" राहील म्हटलं.

मानसी कां कूं करत होती. नितीन भावजींची बायको, ऑनलाइन गणित शिकवते, लॅपटॉप म्हणजे तिचा जीव की प्राण. "ताई, माझं सगळं तुम्हाला दिसणार?" म्हटलं, फायलींची नावं दिसतील, उघडणार मी कुणाचंच नाही. सगळ्यांसमोर शब्द दिला. मग तिनं लॅपटॉप पुढे केला.

२१ जाने., बुध.
पहिली नक्कल अजून चालूच. लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरनं तारलं. पुढे रोज दुपारी तीनची वेळ लावलीय.

२४ जाने., शनि.
झालं एकदाचं! चारी मशीन डब्यात. मी ऐटीत सांगायला गेले तर आई म्हणाल्या, "न ह्यो डबाच चोरानी नेला त? खाडीचा पानी घरात शिरला त?"
घ्या. शाळा चौथीपर्यंत, पण सिस्टीमवाला अगदी हेच म्हणतो. एक नक्कल घराबाहेर हवीच. वेगळी सुटी डिस्क घेऊन अंबाडीला माझ्या माहेरी ठेवायची असं ठरवलं. आई लगेच ह्यांना, "बग रं, तुझी बायको आपला घर उचलून म्हायेरी नेते."

२९ जाने., गुरु.
ऑफिसातून आल्यावर डब्याची यादी बघायची सवय लागलीय. कुठल्या मशीनवर किती फायली बदलल्या ते दिसतं. मानसीकडे रोज बदललेली फाईल एक. रोज तीच.
आज नाव नीट वाचलं. "किचन दुसरा मजला."
दुसऱ्या मजल्यावर किचन नाहीच. या घरात चूल एक, तळमजल्यावर. सहा माणसं एकत्र जेवतात, आणि अख्खं कशेळी गाव नावाजतं, दोघी जावा अजून एका ओट्यावर म्हणून.

३१ जाने., शनि.
मानसी कांदा चिरत होती. मी म्हटलं, बारीक चीर. नंतर बघितलं तर बारीकच होता.

५ फेब्रु., गुरु.
बारा वेळा बदललीय ती फाईल. माऊस नेला तिच्यावर. काढला. डोकं फिरलंय, पण शब्द दिलाय.
ह्यांना सांगू का? सांगून काय? म्हणतील, जाऊ दे.

८ फेब्रु., रवि.
अंबाडीला जाऊन आले. वाडा रोडची धूळ अजून नाकात आहे. डिस्क माझ्या वहिनीच्या कपाटात, साडीच्या घडीत. वहिनी म्हणे, "सोनं असल्यासारखं काय ठेवता?"
मानसीची ती फाईलही गेलीच त्यात. भरताना तेवढी गाळता आली असती. हा विचार एसटीत आला हेच बरं, तोवर डिस्क भरून झाली होती.

१२ फेब्रु., गुरु.
मानसीच्या मशीनवर आज काढलेल्या फायली एक. तीच!! जीव भांड्यात पडला. म्हणजे वेगळ्या चुलीचा विचार सोडला तिनं. येताना कोलंबी आणली, दणकून कालवण केलं. सगळ्यांनी दोनदा घेतलं. मानसी फार जेवली नाही.
पुसलेली फाईल डबा तीस दिवस ठेवतो, मग स्वतःच टाकून देतो. म्हणजे १४ मार्च.

२ मार्च, सोम.
सगळं सुरळीत. श्रेयाचा प्रोजेक्ट चुकून उडाला, दोन मिनिटांत परत काढून दिला. "मम्मी, भारी आहेस." आहेच.

१४ मार्च, शनि.
गेली. डब्यातूनही.

१५ मार्च, रवि.
मानसी सकाळी जिन्याखाली आली, मी डबा पुसत होते. "ताई, माझी एक फाईल उडालीय. महिना झाला. डब्यात असेल ना?"
नाव सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बघते म्हटलं आणि माहीत असून यादी वरखाली केली. "नाही गं. तीस दिवसांपुढचं डबा ठेवत नाही. कालच मुदत संपली."
ती हळूच म्हणाली, "दोन महिने खपून काढलं होतं. व्हिडिओ बघून शिकले. भांडणात ह्यांनी पुसलं. मला वाटलं, सोडून द्यावं. नाही जमत."
वर निघून गेली.
नितीन भावजींनी पुसली तर. आणि मी कोलंबी केली होती.
अंबाडीच्या डिस्कचं बोलले नाही.

१८ मार्च, बुध.
मी खोटं बोललेले नाही. डब्यात नाही म्हटलं, डब्यात नाहीच.
हे दिवसातून दहादा स्वतःला बजावतेय. खऱ्याला इतकं बजावावं लागत नाही. श्रेयाची फाईल शोधायला दोन मिनिटं लागली आणि मानसीची म्हणजे लगेच नियम आठवले. लाज वाटते.

१९ मार्च, गुरु.
पाडवा. श्रीखंड. मानसीनं आग्रह करूनही घेतलं नाही, गोड आवडतं तिला. आईंनी माझ्याकडे बघितलं.

२१ मार्च, शनि.
अर्धा दिवस रजा टाकून अंबाडी. भाऊ म्हणाला, "आत्ता तर आणून ठेवली होतीस, लगेच नेतेस?" म्हटलं, काम आहे. येताना डिस्क मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. रस्त्यात एकदा वाटलं, पडली तर पडली. तसं काही झालं नाही.

२२ मार्च, रवि.
दुपारी नितीन भावजी आणि हे बाहेर गेल्यावर डिस्क घेऊन वर गेले. आधी सरळ सांगून टाकलं. मानसी, त्या दिवशीच मला माहीत होतं अंबाडीला आहे म्हणून. कुठली फाईल तेही माहीत होतं. उघडली नाही, पण नाव रोज वाचत होते.
"मग आज का आणलीत?" तिनं विचारलं.
"जपून ठेवीन म्हणून घेतलं होतं ना तुझ्याकडून."
लॅपटॉपला डिस्क लावली, फाईल उतरवली. म्हटलं, उघडून बघ, नीट आलीय का. ती म्हणाली, "तुम्हीच उघडा."
उघडली. छोटंसं किचन. ओटा, सिंक, खिडकी, सगळी मापं फुटात. सुबक काढलंय पोरीनं. कौतुक वाटलं, आणि वाईटही. दोन्ही एकदमच.
"माझं काय चुकलं गं?" विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.
"चुकलं काही नाही ताई. सहा वर्षं झाली. या घरात कालवणात मीठ मी एकदाही घातलेलं नाही."
आठवून बघितलं. खरंच नाही. चिरणं तिचं, वाटणं तिचं, भांडी दोघींची. मीठ माझं. मला कधी सुचलंच नाही.
समोर ते चित्र. मग म्हटलं, फ्रिज दारामागे घेतलायस, अर्धाच उघडेल. खिडकीकडे घे. तिनं सरकवला. "इथं?" अजून जरा. "आता?" हां, आता ठीक.
डोळे पुसले तिनं. मीही. "राग आला, ताई?" आला म्हटलं. कुणाचा ते तिनं विचारलं नाही, बरं झालं, मला सांगता आलं नसतं.
आईंना कोण सांगणार, नितीन भावजी काय म्हणतील, ते दोघींनीही काढलं नाही. फाईल सेव्ह करून खाली आलो.
आत्ता संध्याकाळ. बोंबलाचं कालवण चुलीवर. मिठाची बरणी हातात घेतली होती, मानसी बाजूला पाणी भरत होती. बरणी तिच्याजवळ ओट्यावर ठेवली आणि बाहेर येऊन हे लिहीत बसलेय. कालवण उकळल्याचा आवाज येतोय. आत जायचं नाही म्हणून डावा हात वहीखाली दाबून ठेवलाय.