कपबशीतला चहा

आदरणीय दाजी,

तुमच्या नाशिकच्या मेहुण्याचा, म्हणजे अश्विनचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? घोटीची थंडी त्याला मानवत नाही हे ठाऊक असूनही तुम्ही भल्या पहाटे राइस मिलवर जाऊन बसता, असं ताई सांगत होती. (तिने सांगितलं म्हणून सांगू नका.) पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुमचे मेसेज ताई तुमच्या आधी वाचते आणि लगेच माझ्या बायकोला फोन लावते, म्हणून हा स्पीड पोस्टाचा खटाटोप, आणि तोही मिलच्या पत्त्यावर.

आमच्या अंबडच्या कंपनीत मंदी आलीय हे कानावर असेलच. ऑर्डरी आटल्या, दुसरी पाळी बंद झाली आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी घरी जायला लागलं. माणसं काढायचं काम एचआरच्या देवरे साहेबांकडे. माणूस कमालीचा भिडस्त. एरवी आम्हा सगळ्यांना चहा मिळतो कागदी कपात, पण ज्याला कायमचं घरी पाठवायचं त्याच्या हातात कागदी कप देणं साहेबांच्या जिवावर यायचं. मग ते पाहुण्यांसाठी ठेवलेली सोनेरी काठाची कपबशी काढायला लावायचे. झालं! ज्यांना ज्यांना तसा चहा मिळाला ते सगळे गेले आणि अख्ख्या कंपनीने त्या कपबशीचा धसका घेतला. कँटीनच्या सुलाबाई ट्रे घेऊन निघाल्या की चांगली धट्टीकट्टी माणसं मशीनमागे लपायची. पेंट शॉपमधला लहानू (ज्याच्या स्कूटरवर मागे बसून मी रोज कामावर जातो, तोच) म्हणायचा, "भाऊ, पगार कापला तरी चालंल, पण ती बाई आपल्याकडं नको यायला."

हसू नका दाजी. माझी झोप उडाली होती. मनालीची बारावी तोंडावर, फ्लॅटचा हप्ता चालू, आणि या वयात मला दुसरीकडे घेणार कोण? एके सकाळी सविताने तिच्या माहेरच्या कपबशीत चहा आणून दिला, तर माझ्या तोंडून "ग्लासात दे!" असं इतक्या जोरात निघालं की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. मी तिच्या माहेराला नावं ठेवतोय असं वाटून तिने बरेच दिवस अबोला धरला. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आणि गेल्या शुक्रवारी मला बोलावणं आलं. केबिनमध्ये गेलो तर टेबलावर तीच कपबशी, वाफाळती. मी मनाशी ठरवलं, एक घोटही घ्यायचा नाही. चहा प्यायलो नाही तर गोष्ट पक्की होत नाही, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं. (बी. कॉम. आहे मी, तरीही.) मग मी बोलतच सुटलो. द्वारका चौकातला ट्रॅफिक, टोलनाक्यावरची गर्दी, तुमचा गुडघा, काही म्हणून सोडलं नाही. साहेब मान खाली घालून ऐकत होते. चहावर साय धरली. शेवटी ते हळूच म्हणाले, "अश्विन, तो चहा तुझा नाही. माझा आहे."

सकाळीच त्यांना हेड ऑफिसचा फोन आला होता. जे काही सांगायचं ते फोनवरच सांगून टाकलं. सुलाबाईंना कसं कळलं देव जाणे, त्या कपबशी ठेवून गेल्या होत्या. साहेब तो गार चहा सायीसकट प्याले आणि म्हणाले, "सगळ्यांना गरम दिला रे मी." दाजी, मला भडभडून आलं. ज्या माणसाला आम्ही इतके दिवस शिव्या घातल्या, त्याला सोडायला मी गेटपर्यंत गेलो. वॉचमनने त्यांची बॅग उघडून तपासली. नियमच आहे तसा, त्यांनीच काढलेला.

असो. मला काढलेलं नाही. साहेबांच्या कामाचा चार्ज माझ्याकडे द्यायचा होता, म्हणून बोलावलं होतं. तेव्हा माझी काळजी करू नका, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचाच,
अश्विन

ता. क. : मिलवर हिशेबाला माणूस हवाय म्हणत होतात ना? देवरे साहेबांना घ्या. सज्जन माणूस आहे. फक्त कोपऱ्यात बसून लिहू द्या, कुणाला काही सांगायला पाठवू नका.

पुन्हा ता. क. : जागा एकच असेल तर साहेबांना कळवायच्या आधी जरा थांबा. चार्ज म्हणजे काय ते वर लिहायचं मी टाळलं. येत्या सोमवारी मला तिघांना केबिनमध्ये बोलवायचंय आणि पहिलं नाव लहानूचं आहे. काल येताना तो मला बढतीची पार्टी मागत होता. मला हे जमणार नाही दाजी. नाही म्हटलं तर चौथा मी. पोती उचलायचं काम असलं तरी चालेल, पण रविवारपर्यंत फोन करा. (मला. ताईकरवी नको.) सविताला यातलं काही माहीत नाही. तिने बढतीचे पेढे केलेत, आणि पहिला डबा लहानूच्या घरी देऊन आलीय.