अंबूकाकूंनी बसवलेली बेंबी

म्हापसा, मार्च १९८६

प्रिय श्रीकांत,

मालतीवहिनी माहेरी डिचोलीला आल्यात, तिथून काल मला बघायला दवाखान्यात आल्या. माझी वाळलेली मनगटं बघून त्यांचे डोळे भरले. तू दिलेला पेढ्यांचा डबा त्यांनी तू बजावल्याप्रमाणे माझ्याच हातात ठेवला. किती काळजी रे तुझी.

पोट आता दुखत नाही. मागच्या महिन्यात हॉटेलच्या मोरीजवळ कोसळलो तेव्हा बरगड्यांखाली कुणी ओलं धुणं पिळतंय असं वाटत होतं. पाणी प्यालो तरी उलटी. इथले डॉक्टर आधी पित्त म्हणाले, मग कावीळ म्हणाले. शेवटी मी सांगून टाकलं. भूल द्यायचं केटामीन, तव्यावर आटवून केलेली पूड, नाकातून, रोज. त्यांनी केसपेपरवरचं 'कावीळ' खोडलं. म्हणाले, पुस्तकात असलं काही वाचलेलं नाही, पण इथं आल्यापासून ते बंद आहे आणि दुखणंही बंद आहे, समजायचं ते समज. सातवी नापासालासुद्धा समजलं.

पहिला डबा तू पाठवलास तो किनाऱ्यावरच्या गोऱ्यांसाठी. वर पेढे, खाली इंजेक्शनच्या बाटल्या. तू हुबळीत कोप्पीकर रोडच्या औषधांच्या दुकानात, मी इथं भटारखान्यात, दोघांचं बरं चाललं होतं. मीही घेऊन बघू का विचारलं तर हसलास. लहान पोरांना ऑपरेशनला देतात की, एनू आगंगिल्ल, काही होत नाही. तू म्हणालास म्हणजे होत नाही. तिथल्याच लॅमिंग्टन रोडच्या शाळेत माझी गणितं तूच सोडवायचास, मी उत्तरं कधी तपासली नाहीत.

आई गेल्यापासून माझी दिवाळी तुमच्याकडेच. यंदा केशवापूरला आलो ते पोट धरूनच. अंबूकाकू म्हणाल्या, ह्याची बेंबी सरकलीय. मला स्वयंपाकघरात उताणं निजवलं, बेंबीवर पणती लावली, वर तांब्या पालथा घातला. तांब्यानं पोट ओढून धरलं तेव्हा तू माझे खांदे दाबून बसला होतास. तो सुटल्यावर म्हणालास, "बसली बघ. आईचा हात आहे." आणि खरंच, भाऊबीज करून निघेपर्यंत दुखलं नाही. तुमच्या घरात ती पूड नव्हती ना. काकू अजून गल्लीभर सांगतात, गुरूची बेंबी मी बसवली. इथं परतलो, पूड घेतली, परत दुखलं. मला वाटलं जड पातेली उचलतो म्हणून सरकली. तुला लिहिलं. तू उलट टपाली कळवलंस, जड उचलू नकोस. पाठोपाठ डबा आला, पेढ्यांखाली नेहमीचंच.

काल वहिनी सहज बोलून गेल्या. "ह्यांचंही असंच दुखायचं की, लग्नाच्या वर्षी. दुकानातलं कसलंसं औषध घ्यायचे. ते सोडलं आणि राहिलं." म्हणजे खांदे दाबलेस तेव्हा तुला माहीत होतं. मी थांबलो तर इथला माल थांबेल, एवढंच ना? तोंडात शिव्या आल्या, त्याही कानडीतल्या, पण वहिनी माझ्यासाठी संत्रं सोलत होत्या.

त्या गेल्यावर डबा उघडला. पेढ्यांखाली बाटल्या. दवाखान्यात पडलेल्याला, श्रीकांत. आणि बायकोच्या हातून.

मोरीत ओतल्या सगळ्या. एक ओतताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. वहिनी हुबळीला निघताना रिकामा डबा न्यायला येतील, त्यात हे पत्र आहे. त्यांना मी काही बोललो नाही. मला इथून सोडलं की थेट केशवापूरला येणार. काकू मला बघितल्याबरोबर पणती काढतील. त्याआधी माझ्या पोटात काय होतं ते तू त्यांना सांग. नाहीतर पोटावर तांब्या असतानाच मी सांगेन, आणि खांदे धरायला तूच बसलेला असशील.

अजून तरी तुझाच म्हणवणारा,
गुरुराज