साडेतीन किलोंचा कॅमेरा आणि माझे दोन हात

अर्जुनी मोरगाव

तीर्थरूप चंद्रकांताताईस,

भोजराजचा दंडवत. गोंदियात तुझा गुडघा आणि भाऊजींचा रक्तदाब आपापल्या मर्यादेत असावेत, अशी आशा करतो. इकडे बाबा ठणठणीत आहेत. नव्वदी ओलांडली तरी रोज सकाळी तलावाची पाळ पायांनी तपासतात.

केवळरामभाऊजींचा निरोप पोहोचला: कॅमेरा विका, मोबाईल घ्या, बासष्टाव्या वर्षी खांदा सांभाळा. उत्तर सविस्तर देतो. कॅमेरा विकणार नाही, तिपाई वापरणार नाही आणि कोणाचाही आधार घेणार नाही.

कारण ऐक. आधार कार्ड सोडले तर बाबांचा एकही फोटो नाही (आणि त्यात ते नुकत्याच पकडलेल्या चोरासारखे दिसतात). मला तो भिंतीएवढा हवा, हातांवरची रेघन्‌रेघ दिसेल असा. म्हणून पोस्टकार्डाएवढी फिल्म लागणारा हा जुना कॅमेरा. तिपाई कॅमेऱ्याच्या आधी आणून पाळीवर रोवून पाहिली, ती पहिल्याच दिवशी बाद झाली. बाबा कडाडले, "काऊन बे भोज्या, पाळीले भोक पाडून राहिला का?" आपल्याच पणजोबांनी बांधलेली पाळ, तिपाई गुंडाळली! शिवाय बाबा चालायचे थांबत नाहीत. सबब, कॅमेरा हातातच धरणे प्राप्त.

आता वजनाचा विचार. लाकडी कॅमेरा दोन किलोंत मिळतो. पण काळ्या कापडाखाली डोके घालून त्याच्या काचेवर चित्र जुळवेपर्यंत बाबा अर्धी पाळ ओलांडतात. म्हणून अंतर जुळवायची खिडकी असलेला, जुन्या वृत्तपत्रवाल्यांचा धातूचा कॅमेरा निवडला. विकणारे नुसत्या डब्याचे वजन सांगतात. भिंग, फिल्मची चौकट आणि पट्टा धरून ते साडेतीन किलो होते, हे मी स्वतः जोडून काढले. (फार हलका कॅमेराही वाईट, कळ दाबताच हलतो. थोडे वजन हाताला शिस्त लावते.)

मागवण्यापूर्वी रीतसर प्रयोग केला. नव्या धानाची साडेतीन किलोंची थैली रोज सकाळी डोळ्यासमोर धरायची, वहीत सेकंद नोंदवायचे आणि थैली अंगणातल्या उन्हात ठेवायची. पहिल्या दिवशी नऊ सेकंद. विसाव्या दिवशी चौऱ्याऐंशी! बाहूंची ही प्रगती पाहून कॅमेरा मागवला, हातात घेतला आणि पुन्हा नऊ. थैली काट्यावर ठेवली तर दोन किलोही भरेना. ओले धान उन्हात वाळते, हे तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाने विसरावे? उरलेल्या घटीचा खुलासा सौ. सुशीलेने केला: "कोंबड्याइले काय उपाशी ठेवू? त्यातलंच मूठ मूठ टाकून राहिली होती मी."

तरीही मी डगमगलो नाही. बारा फिल्म घेऊन पाळीवर गेलो, अकरा वापरल्या आणि घरीच धुतल्या. भाऊजींना स्पष्ट सांग, हात माझे, खांदा माझा, आणि बाप माझा. माघार नाही.

तुझा,
भोजराज

ता. क. पहिल्या दहा फोटोंत बाबा धुक्यासारखे आले आहेत. अकरावा मात्र लख्ख आहे. तो बाबांनी काढला. "आण इकडं, तुह्यानं नाही होत," म्हणत कॅमेरा हिसकावला आणि तसूभर न हलता कळ दाबली. फोटोत मी पाळीवर बसून धापा टाकतो आहे.

आणखी एक. आता एकच फिल्म उरली आहे. बाबा म्हणतात, "चंद्री बाजूले उभी राहन, तं थांबतो मी." रविवारी सकाळच्या गाडीने ये. भाऊजींनाही आण, मागून माझी दोन्ही कोपरे धरायला कोणीतरी लागेल. कशासाठी बोलावले, ते मात्र त्यांना इथे पोहोचेपर्यंत सांगू नकोस.